एकाच प्राध्यापिकेवर सगळा भार नको: ब्लॅक बायकांचं मेंटॉरिंग सर्कल कसं उभं करतात आणि कसं टिकवतात

अमेरिकेत पीएचडीला लागलेल्या ब्लॅक मुलीला पहिल्या महिन्यातच कुणीतरी सांगतं की तुझ्यासारखीच एखादी सीनिअर बाई शोध आणि तिला मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, कर. सल्ला चांगल्या मनानं दिलेला असतो, पण हिशोब कुणी केलेला नसतो. अमेरिकेतल्या फुल प्रोफेसरांमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या हुद्द्यावर, ब्लॅक बायका साधारण २ टक्के आहेत. ब्रिटनमध्ये निकोला रोलॉक यांनी ब्लॅक महिला प्रोफेसरांवरचा अभ्यास २०१९ मध्ये मांडला तेव्हा अख्ख्या देशात त्या २५ होत्या. पंचवीस! मग प्रत्येकीला 'तुझ्यासारखी सीनिअर' मिळणार कुठून?

आणि जिथे एखादी असते तिथे तिचं काय होतं बघा. ब्लॅक विद्यार्थी तिच्याकडे, इतर डिपार्टमेंटमधले ब्लॅक विद्यार्थीसुद्धा तिच्याकडे, भरतीच्या कमिटीत तोंडी लावायला तीच, ब्रोशरच्या फोटोत तीच, फेब्रुवारीत ब्लॅक हिस्टरी मंथ आला की भाषणाला तीच, आणि कुणी रडत आलं की टिश्यूचा डबाही तिच्याच ऑफिसात. टेन्युअरच्या, म्हणजे कायम नोकरीच्या, फाईलमध्ये या सगळ्याच्या दोन ओळी होतात, 'सर्व्हिस' नावाच्या रकान्यात, आणि तो रकाना कुणी फारसं वाचत नाही. अमाडो पदिया यांनी १९९४ मध्ये याला 'सांस्कृतिक कर' म्हटलं होतं, म्हणजे तुमच्या समाजाचे तुम्ही एकटेच आत आहात म्हणून जास्तीचं काम तुम्हीच भरायचं.

म्हणून ज्या बायका यात तगून राहिल्यात त्यांनी काय केलं तर एका व्यक्तीवरचा भार पसरवला, चार-सहा जणींनी मिळून एकमेकींना मदत करायचा गट केला, त्यालाच सर्कल म्हणतात. त्याची पद्धत आहे, अगदी कामाची, आणि ती खाली लिहितेय. मी स्वतः ब्लॅक नाही, इथे अमेरिकेत एका युनिव्हर्सिटीत नोकरी करणारी मराठी बाई आहे, सर्कल चालवणाऱ्या मैत्रिणींचं जवळून बघितलेलं आणि त्यांच्या सांगण्यावरून वाचलेलं असं हे आहे. इथे शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना ब्लॅक कलीग असतात, काही जण स्वतः आता गाईड झालेत, त्यांनाही हे माहीत असलेलं बरं.

आधी कागद घ्या आणि गरजा लिहा

मेंटॉर शोधायच्या आधी काय हवंय ते लिहायचं. समाजशास्त्रज्ञ केरी अ‍ॅन रॉकमोर यांनी नव्या प्राध्यापकांसाठी 'मेंटॉरिंग मॅप' नावाची गोष्ट लोकप्रिय केली, तिचा गाभा एवढाच की एका गुरूच्या जागी गरजांची यादी करायची आणि प्रत्येक गरजेसमोर माणसाचं नाव लिहायचं. नावं वेगवेगळी येणार, यायलाच हवीत.

यादीत काय येतं? ड्राफ्ट वाचणारं कुणीतरी. डेडलाईन विचारणारं कुणीतरी, हे वेगळं माणूस असतं कारण ड्राफ्ट चांगला वाचणारे लोक बहुतेक वेळा स्वतःच्याच डेडलाईन चुकवतात. डिपार्टमेंटचं राजकारण समजावणारं कुणी, म्हणजे कोण कुणाशी बोलत नाही आणि का. ग्रँटचा अर्ज पाहणारं कुणी. ऑफर आली की पगारावर कसं बोलायचं ते सांगणारं कुणी. तुम्ही खोलीत नसताना तुमचं नाव पुढे करणारं कुणी, याला इथे स्पॉन्सर म्हणतात आणि नव्वद टक्के लोक मेंटॉर आणि स्पॉन्सर यात घोळ घालतात, सल्ला देणारे ढीगभर मिळतात पण नाव घेणारं माणूस विरळा.

मग रोजच्या जगण्याच्या गरजा. छोट्या कॉलेज टाऊनमध्ये नवीन ब्लॅक प्राध्यापिका आली की तिला आधी काय लागतं माहितीये? केस नीट करता येणारं सलून. मक्याच्या शेतांमधल्या गावात ते नसतंच, दीड-दोन तास गाडी चालवून मोठ्या शहरात जावं लागतं, आणि हे ऑफिसच्या ओरिएंटेशनमध्ये कुणी सांगत नाही. चर्च कुठलं, मुलांसाठी डॉक्टर कोण, कोणत्या वस्तीत घर घ्यावं आणि रात्री कोणत्या रस्त्यावर पोलीस गाडी थांबवतात. ही यादीही मेंटॉरिंगच आहे, हसू नका.

यादी झाली की प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारायचा: हे काम फक्त ब्लॅक बाईच करू शकते का? ग्रँटचा फॉरमॅट एखादा गोरा सीनिअर प्रोफेसर उत्तम सांगेल, संख्याशास्त्राची शंका तैवानी पोस्टडॉक सोडवेल. मग जी गोष्ट खरंच तिलाच कळेल, उदाहरणार्थ विद्यार्थ्यांच्या फीडबॅकमध्ये दर सेमिस्टरला 'रागीट', 'उद्धट' असे शब्द येतात त्याला फाईलमध्ये उत्तर कसं द्यायचं, तेवढीच तिच्यासाठी राखून ठेवायची. तिचा वेळ वाचतो आणि तुम्हालाही नेमकं मिळतं.

सीनिअर बाईला विचारताना

'तुम्ही माझ्या मेंटॉर व्हाल का' असं विचारायचं नाही. हा प्रश्न ऐकला की समोरच्या बाईला पुढची दहा वर्षं दिसतात. ताकाला जाऊन भांडंही लपवायचं नाही, म्हणजे 'सहज कॉफी घेऊया का' म्हणून बोलावून मग दीड तासानं शिफारसपत्राचा विषय काढायचा, असलं काही नको. काय हवं ते पहिल्या चार ओळीत. साधारण असं:

'नमस्कार डॉ. अमुक, मी तमुक युनिव्हर्सिटीत पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या पेपरमधली मुलाखतींची पद्धत मी माझ्या दुसऱ्या प्रकरणात वापरतेय. दोनच गोष्टी विचारायच्या आहेत, एक म्हणजे एथिक्स कमिटीने घेतलेल्या आक्षेपाला उत्तर कसं द्यावं आणि दुसरी, हे प्रकरण कोणत्या जर्नलला पाठवावं. वीस मिनिटं मिळाली तर खूप मदत होईल, जमणार नसेल तर कुणाला विचारू एवढं एका ओळीत कळवलंत तरी चालेल.'

शेवटचं वाक्य काढू नका. त्यानं त्या बाईला सन्मानानं नाही म्हणायची वाट मिळते आणि तुम्हाला दुसरं नाव मिळतं. भेट झाली की पंधरा दिवसांत कळवायचं की तुम्ही सांगितलेलं मी असं असं केलं. हे फार कमी जण करतात, आणि जे करतात त्यांचीच नावं पुढे कुठल्यातरी पॅनलसाठी सुचवली जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सर्कल: चार ते सहा जणी, त्याहून जास्त नको

खरं बळ बरोबरीच्या बायकांमध्ये आहे. याची परंपरा जुनी आहे, १८९६ मध्ये ब्लॅक बायकांच्या क्लबांनी एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना काढली, मेरी चर्च टेरेल तिच्या पहिल्या अध्यक्ष. पण आजच्या सर्कलला सगळ्यात जवळचा नमुना मला वाटतो तो बॉस्टनच्या कोंबाही रिव्हर कलेक्टिव्हचा. १९७४ मध्ये सुरू झालेला हा ब्लॅक स्त्रीवाद्यांचा गट, बार्बरा स्मिथ, बेव्हर्ली स्मिथ, डेमिटा फ्रेझर वगैरे. १९७७ च्या जुलैत त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या साउथ हॅडलीत पहिलं शिबिर घेतलं आणि येणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं की आपलं लिखाण, लेख, पत्रकं, जे काही असेल त्याच्या प्रती घेऊन या. म्हणजे एकमेकींना भेटायचं होतंच, पण भेटायला येताना हातात कागद हवा. हा एक नियम घेतलात तरी अर्धं काम झालं.

आपल्याकडच्या भिशीसारखं समजा. दर महिन्याला सगळ्या जणी आपापला वाटा टाकतात आणि भांडं एकीला मिळतं, पुढच्या महिन्यात दुसरीला. इथे पैशाच्या जागी वेळ आणि लक्ष. पश्चिम आफ्रिकेत आणि कॅरिबियन बेटांवर असलीच भिशी 'सूसू' नावानं चालते, त्यामुळे सर्कलमध्ये एखादी त्रिनिदादची असेल तर तिला हे समजवावं लागत नाही, ती तुम्हालाच नियम सांगेल. आणि भिशीचा नियम हाच की आपला नंबर लागून गेला म्हणून पुढच्या महिन्यांत गायब व्हायचं नाही.

आता माणसं कशी निवडायची. शक्यतो वेगवेगळ्या युनिव्हर्सिटीतल्या आणि वेगवेगळ्या विषयांतल्या. एकाच डिपार्टमेंटच्या दोघी असल्या की आज ना उद्या एक दुसरीच्या फाईलवर मत देणार, किंवा दोघी एकाच जागेला अर्ज करणार, आणि मग मोकळं बोलणं बंद. वेगळ्या विषयाचा अजून एक फायदा, तुमचा युक्तिवाद तुमच्या विषयाबाहेरच्या हुशार बाईला कळला नाही तर ग्रँट कमिटीलाही कळणार नाही. आणि सगळ्या 'ब्लॅक' म्हणजे सगळ्या सारख्या असं धरून चालू नका: नायजेरियातून पीएचडीला आलेली, जमैकन आईवडिलांची ब्रुकलिनमध्ये वाढलेली आणि मिसिसिपीच्या खेड्यातून घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजला गेलेली, या तिघींचे पैशाचे, व्हिसाचे, घरच्या अपेक्षांचे प्रश्न वेगळे असतात. पहिल्याच बैठकीत हे बोलून घेतलं की पुढचे निम्मे रुसवेफुगवे वाचतात.

बैठक दीड तासाची, महिन्यातून दोनदा, वार आणि वेळ ठरलेली. दर वेळी 'कधी जमेल सगळ्यांना' असं विचारत बसलात तर सर्कल तिसऱ्या महिन्यात संपलं समजा. जिचा नंबर आहे तिनं चार दिवस आधी पानं पाठवायची, पंधराच्या वर नाही, आणि वर दोन ओळी की मला यात काय हवंय: युक्तिवाद बघा, की भाषा, की फक्त हे पाठवू का नको ते सांगा. बैठकीत पानं उघडली की पहिली दहा मिनिटं लेखिकेनं गप्प राहायचं (हे जाम अवघड जातं). बाकीच्यांनी आधी सांगायचं की या पानांत काय म्हटलंय असं आम्हाला कळलं, मग कुठे पटत नाही, मग कुठे अडखळलो. शेवटी लेखिका सांगणार की मी कोणत्या तारखेपर्यंत काय करणार, आणि ती तारीख एका फाईलमध्ये लिहायची. मधल्या आठवड्यात ज्यांना जमेल त्यांनी झूम लावून कॅमेरा चालू, माइक बंद, नुसतं लिहीत बसायचं. ऐकायला वेडेपणा वाटतो पण एकटीनं लिहिताना जे होत नाही ते समोर चार चेहरे असले की होतं.

पण दर वेळी पेपरच आणायला हवा असं नाही. समजा एक असिस्टंट प्रोफेसर आपलं तिसऱ्या वर्षाचं रिव्ह्यू पत्र घेऊन आली. पत्र गोड आहे, रिसर्च 'आशादायक', पण एक वाक्य आहे की 'डिपार्टमेंटच्या सामूहिक जीवनात अधिक सहभाग अपेक्षित'. ती बिचारी आठवडाभर त्याच वाक्यावर झुरतेय आणि अजून एक कमिटी घ्यावी का विचारतेय. सर्कलमधली बायोलॉजीवाली विचारते, आत्ता किती कमिट्या आहेत? मोजल्यावर चार निघतात, त्याच वर्षी लागलेल्या तिच्या सहकाऱ्याकडे एक. इकॉनॉमिक्सवाली पत्रातल्या ओळी मोजते, रिसर्चवर चार, शिकवण्यावर नऊ, म्हणजे रिसर्चबद्दल डिपार्टमेंटनं काहीच ठोस लिहिलेलं नाही आणि काळजीची जागा खरी ती आहे. लॉ स्कूलवाली सांगते की चेअरला, म्हणजे विभागप्रमुखाला, मेल टाक आणि विचार की सहभाग म्हणजे नेमकं कोणतं काम, किती, आणि ते टेन्युअरच्या निकषात कुठे लिहिलंय, उत्तर लेखी यायला हवं. चौथी इतका वेळ काही बोललेली नसते, ती फक्त विचारते, झोपतेस का नीट? एका तासात जे वाक्य भूत होऊन बसलं होतं त्याचं एक मेल, एक तारीख आणि एक डॉक्टरची अपॉइंटमेंट होते. असल्या बैठकीसाठी सर्कल असतं.

नाही म्हणायचं शिकवा, आणि शब्द तयार ठेवा

भीड भिकेची बहीण हे आपल्याला लहानपणापासून ऐकून माहीत आहे, तरी चेअरनं हसत विचारलं की आपण हो म्हणतो. ब्लॅक बाईनं नाही म्हटलं तर वर 'अ‍ॅटिट्यूड आहे' हेही ऐकावं लागतं, त्यामुळे तिचं नाही जास्त विचार करून लिहिलेलं असावं लागतं. बऱ्याच सर्कलमध्ये नकाराची मेलं साठवलेली एक फाईल असते, त्यातला एक नमुना मला फार आवडतो: 'मला विचारल्याबद्दल आभार. या वर्षी माझ्याकडे दोन कमिट्या आणि अकरा विद्यार्थ्यांचं मार्गदर्शन आहे. हे काम महत्त्वाचं आहे, ते घ्यायचं झाल्यास यातलं कोणतं काम कमी करावं हे आपण सुचवावं.' म्हणजे नकार दिलाच नाही, चेंडू परत तिकडे टाकला, आणि कामाची मोजणी लेखी झाली. काही सर्कलमध्ये नियमच असतो की कोणत्याही नव्या जबाबदारीला चोवीस तास उत्तर द्यायचं नाही, आधी ग्रुपवर टाकायचं.

याच्याच बरोबर एक लॉग ठेवायचा. किती अनौपचारिक विद्यार्थी आले, किती वेळ गेला, किती शिफारसपत्रं लिहिली. नावं नकोत, आकडे पुरेत. वर्षाच्या शेवटी हा कागद अ‍ॅन्युअल रिपोर्टला जोडायचा.

आणि 'तू किती स्ट्राँग आहेस गं' हे कौतुक जपून घ्यायचं. शेरिल वूड्स-गिस्कोंबे यांनी २०१० मध्ये ब्लॅक बायकांमधल्या 'सुपरवुमन'पणावर लिहिलंय, कणखर दिसण्याची, भावना दाबण्याची, मदत न घेण्याची सक्ती आणि त्याचे शरीरावर होणारे परिणाम. सर्कलमध्ये निदान कुणी कुणाला स्ट्राँग म्हणू नये, त्यापेक्षा तिचा एक पेपर तपासून द्यावा.

जी पुढे गेली तिनं डबा उघडायचा

सीनिअर झालेल्या बायकांसाठी माझं सरळ मत आहे: भाषणं कमी, कागद जास्त. तुमचा नाकारला गेलेला ग्रँट अर्ज रिव्ह्यूअरच्या शेऱ्यांसकट द्या. टेन्युअरची फाईल द्या. ऑफर लेटरमधला पगाराचा आकडा, संशोधन सुरू करायला मिळालेले स्टार्टअपचे पैसे, पहिल्या वर्षी किती कोर्स माफ झाले, हे सांगा. गोऱ्या मुलांना ही माहिती गोल्फच्या मैदानावर आणि बिअरच्या टेबलावर आपोआप मिळते, तिथे हिला कुणी बोलावत नाही, मग तिला कळणार कसं की सगळे जण मागतात?

दुसरं, नाव घ्या, म्हणजे शब्दशः. टेक्सास युनिव्हर्सिटीत मानवशास्त्र शिकवत असताना क्रिस्टन स्मिथ यांनी २०१७ मध्ये एका परिषदेला टी-शर्ट छापून नेले, त्यावर मजकूर एवढाच की ब्लॅक बायकांचे संदर्भ द्या. त्यातून मोहीम उभी राहिली. टी-शर्टची गंमत बाजूला ठेवा, हिशोब पक्का आहे: कुणाचे संदर्भ किती दिले जातात यावर टेन्युअर, बढती, भाषणांची आमंत्रणं अवलंबून असतात, म्हणून ज्युनिअर बाईचा पेपर आपल्या तळटीपेत आणि आपल्या कोर्सच्या मुख्य वाचनात टाकणं हे कॉफी पाजण्यापेक्षा शंभरपट उपयोगाचं. मुख्य वाचनात म्हणतेय, शेवटच्या आठवड्यातल्या 'विविधता' सदरात नव्हे. त्या मोहिमेच्या पाच सूत्रांतलं शेवटचं सूत्र असं आहे की ब्लॅक बायकांना श्वास घ्यायला जागा आणि वेळ द्या. ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मोठ्या संघटना कशासाठी वापरायच्या

सर्कल लहान असतं, त्याला बाहेरची हवा लागते. इतिहासवाल्यांसाठी असोसिएशन ऑफ ब्लॅक विमेन हिस्टोरियन्स १९७९ पासून आहे. सिस्टर्स ऑफ द अकॅडमी ही २००१ मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत सुरू झालेली संस्था, त्यांच्या रिसर्च बूटकॅम्पमध्ये प्रबंध लिहिणाऱ्या मुली आणि नव्या प्राध्यापिका सीनिअर स्कॉलरांबरोबर बसून खरंच काम संपवतात. अर्थशास्त्रात २०१८ पासून सेडी कलेक्टिव्ह आहे, अ‍ॅना गिफ्टी ओपोकू-अ‍ॅग्येमन आणि फांटा ट्राओरे या दोन तरुण मुलींनी काढलेलं. नाव कुणाचं तर सेडी टॅनर मोसेल अलेक्झांडर यांचं. १९२१ च्या जूनमध्ये अमेरिकेत पहिल्यांदा तीन ब्लॅक बायकांना पीएचडी मिळाली, जॉर्जियाना सिम्पसन, सेडी आणि इव्हा डाइक्स, तिघी वेगवेगळ्या युनिव्हर्सिटीतून. सेडींची डिग्री पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीची, अर्थशास्त्रातली, पण त्या विषयात त्यांना साजेशी नोकरी कुणी दिली नाही, मग त्या परत शिकल्या आणि १९२७ मध्ये तिथूनच वकील होऊन बाहेर पडल्या. त्यांच्या नावाची संस्था आज मुलींना सांगते की अर्थशास्त्रात या, आम्ही आहोत.

परिषदेला जायचं तर एकटीनं पेपर वाचून परत येऊ नका. सर्कलच्या दोघीतिघी मिळून पॅनलच टाका, आणि एका सीनिअर बाईला चर्चक म्हणून बोलवा, तिच्याही सीव्हीत ओळ येते. आणि परिषदेत एक संध्याकाळ मोकळी ठेवा. जानेवारी १९९४ मध्ये एमआयटीत रॉबिन किल्सन आणि एव्हलिन हॅमंड्स यांनी अकॅडमीतल्या ब्लॅक बायकांची परिषद भरवली तेव्हा सुमारे २००० बायका आल्या होत्या. कॅम्पसवर एकएकट्या असलेल्या बायकांना एका हॉलमध्ये आपल्यासारख्या दोन हजार दिसणं, त्याची बरोबरी कुठलंही वर्कशॉप करणार नाही.

कायद्याची आणि पैशाची सध्याची गोची

२०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं प्रवेशात वंश विचारात घ्यायला मनाई केली. तो निकाल प्रवेशापुरता होता, पण घाबरलेल्या युनिव्हर्सिटींनी पुढे अनेक कार्यक्रमांची नावं बदलली, काही बंदच केले. २०२५ च्या मार्चमध्ये तर पीएचडी प्रोजेक्ट नावाच्या जुन्या संस्थेशी भागीदारी केली म्हणून केंद्राच्या शिक्षण खात्यानं ४५ युनिव्हर्सिटींची चौकशी सुरू केली, ही संस्था १९९४ मध्ये ब्लॅक, लॅटिनो आणि मूलनिवासी लोकांना बिझनेस विषयात पीएचडी करायला मदत करण्यासाठी सुरू झाली होती.

मग करायचं काय? चार मैत्रिणींनी शनिवारी झूमवर भेटायला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून सर्कलचा कणा खासगी ठेवा, युनिव्हर्सिटीचे पैसे मिळाले तर वरखर्चाला. युनिव्हर्सिटीच्या नावानं कार्यक्रम घ्यायचा तर विषय सांगून सगळ्यांना खुला ठेवा, ब्लॅक बायकांच्या संशोधनावरचा कार्यक्रम असला की ज्यांना यायचं ते येतातच. आणि सर्कलची मेलं, फाईली, चॅट युनिव्हर्सिटीच्या अकाउंटवर चुकूनही नको. सरकारी युनिव्हर्सिटीतली मेलं माहितीच्या कायद्याखाली मागवता येतात, रिव्ह्यू पत्राची चिरफाड उद्या भलत्याच्याच हातात पडायची.

आपल्या लोकांनी काय करावं

ब्लॅक कलीग असेल तर तिच्या सर्कलमध्ये घुसायचा हट्ट करू नका, तिथे तिला अर्धा तास तुम्हाला समजावण्यात घालवायचा नसतो. तिचं काम वाचा, संदर्भ द्या, पुरस्कारासाठी नाव पाठवा, मीटिंगमध्ये तिनं मांडलेला मुद्दा दहा मिनिटांनी दुसरा कुणी स्वतःचा म्हणून सांगायला लागला तर 'हे आत्ता त्यांनी मांडलं' एवढं बोला. तिच्याऐवजी एखादी कमिटी तुम्ही घ्या. आणि एक कडू गोष्ट: इथली बरीच डिपार्टमेंटं एक-दोन भारतीय नेमून 'आमच्याकडे विविधता आहे' म्हणत हात वर करतात. तेव्हा आपण खूष होऊन गप्प बसतो. तेवढं तरी करू नये.

आपल्याकडून या विषयाशी खरं नातं जोडणारे लोक आहेत. येरवड्यात वाढलेल्या इतिहासकार शैलजा पाईक सिनसिनाटी युनिव्हर्सिटीत शिकवतात, दलित आणि आफ्रिकन-अमेरिकन बायकांच्या एकजुटीवर त्यांनी लिहिलंय, २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. पुणे विद्यापीठात शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रीवादी भूमिकेची मांडणी केली तेव्हा ब्लॅक स्त्रीवादी विचार त्यांच्या समोर होताच. त्यामुळे महाराष्ट्रात घरातली पहिलीच पीएचडी करणाऱ्या मुलींनी ही पद्धत उचलली तर मला तरी त्यात काही उपरं वाटत नाही, फक्त यादी बदलेल: गाईड वेळ देत नाही, सहामाही प्रोग्रेस रिपोर्ट, फेलोशिपची फाईल कोणत्या टेबलावर अडकलीय, हॉस्टेल, आणि घरून येणारे लग्नाचे फोन.

सर्कल कधी मोडतं

बहुतेक वेळा भांडणानं मोडत नाही. एकच बाई सगळी मेलं पाठवते, वेळा ठरवते, आठवण करते, आणि एक दिवस तिला कंटाळा येतो. म्हणून समन्वयाचं काम दर सेमिस्टरला फिरतं ठेवा, हे न बोलता होत नाही, तारीख घालून करा. दुसरं कारण, बैठकीत नुसती गाऱ्हाणी सुरू होतात. गाऱ्हाणी हवीतच, पण घड्याळ लावून, पहिली पंधरा मिनिटं मनसोक्त आणि मग पानं उघडायची. तिसरं, गुपित फुटतं. इथे दया नको, ज्या बाईनं बाहेर सांगितलं तिच्याशी एकदा स्पष्ट बोला आणि परत झालं तर तिला निरोप द्या.

दोघी एकाच नोकरीला अर्ज करत असतील तर दोघींनी आधीच सांगायचं आणि तेवढ्यापुरतं त्या विषयावर सर्कलमध्ये बोलायचं नाही, ड्राफ्ट दुसऱ्या दोघींनी वाटून घ्यायचे. एखादीला टेन्युअर मिळालं नाही तर पहिल्या आठवड्यात सल्ला देऊ नका, जेवण पाठवा, मुलांना शाळेतून आणा, अपील करायचं असेल तर त्याची मुदत तिच्या वतीनं एकीनं कॅलेंडरवर टाकून ठेवा कारण तिला त्या दिवसांत तारखा सुचत नाहीत. आणि एखादीला मिळालं तर पार्टी करा, मग एका वर्षात तिला नव्या पोरींच्या सर्कलची सीनिअर म्हणून पाठवा आणि तिच्या जागी कुणीतरी ज्युनिअर घ्या.

नव्या मुलीला पहिल्या दिवशी सगळा फोल्डर द्यायचा, नकाराची मेलं, जुने अर्ज, पगाराचे आकडे (नावं झाकून), सलूनवालीचा नंबरसुद्धा. फोल्डरची मालकी मात्र निदान दोघींच्या खासगी अकाउंटवर ठेवा, नोकरी बदलली की युनिव्हर्सिटी जुना अकाउंट बंद करते आणि बारा वर्षांचं जमवलेलं एका दुपारी उडून जातं.